पंपाचं दुखणं

हिवाळ्यात तरणतलाव बंद झाला की पंपांची तपासणी निघायची. खुशाल उके पंपघराच्या दारात पोचला, तेव्हा मोठा पंप नव्या मेकॅनिक मुलीला, प्रणोतीला, सांगत होता, "ताई, डावीकडचं बेअरिंग फार ठणकतंय. येता उन्हाळा काही निघायचा नाही."

खुशाल दारातच थांबला. कालच त्याने विचारलं होतं, तेव्हा हाच पंप म्हणाला होता, "सगळं उत्तम आहे."

यंत्रांना वाचा फुटली त्या वर्षी हा पंप नुसता कण्हायचा. कुठे दुखतंय ते शब्दांत सांगायला त्याला तेव्हा मेकॅनिक असलेल्या खुशालनेच शिकवलं, पोटच्या पोराला शिकवावं तसं. "भाऊ, इथे दुखतंय," हे त्याचं पहिलं वाक्य. आणि आता ही कोण कुठली पोर त्याच्या अंगावर हात फिरवणार!

प्रणोतीला त्याने ग्रीस आणायला पिटाळलं.

"तिला सांगतोस आणि मला नाही?"

पंप जरासा घरघरला. "साहेबासमोर दुखणं काढायचं नाही, अशी शिकवण आहे मला. साहेब लोक दुरुस्त करत नाहीत, भंगारात काढतात."

"अरे, ते तर मीच तुला..." खुशाल थबकला. दिवाळीत मिळालेला सुपरवायझरचा बिल्ला त्याच्या खिशावर चमकत होता.

"नाही, ते भाऊंनी शिकवलं," पंप अदबीने म्हणाला. "भाऊ असते, तर त्यांना सांगितलं असतं, साहेब."