गल्लीतलं पुरणयंत्र

थोरल्या भावाचं लग्न झालं त्या साली केतकीने गाईच्या कासेचा आजार आधीच ओळखणारं यंत्र बनवलं. दुधाचा थेंब टाकला आणि आजार असला, की लाल दिवा लागायचा. कंपनी काढायला भांडवल देणाऱ्या समितीपुढे तिला दुसऱ्या दिवशी आराखडा मांडायचा होता.

गोठ्यातून हात पुसत आलेल्या गोदामावशीला तिने तो वाचून दाखवला. “पहिल्या वर्षी दोन हजार घरांत दोन हजार यंत्रं!”

मावशी खो खो हसली. “अगं शहाणे, आपल्या गल्लीत पुरणयंत्रं किती?”

“एक. तुझं.”

“अन् होळीला पोळ्या?”

“घरोघरी.” केतकीचा चेहरा उतरला. “म्हणजे शंभरसुद्धा खपायची नाहीत. बुडालीच की कंपनी.”

“बुडतीय कशानं? दूध घालायला सगळं गाव डेअरीवर येतं ना? यंत्र तिथं ठेव, अन् तपासायचे पैसे घे.”

केतकीने त्याच दुपारी आराखडा नव्याने लिहिला. समितीने तो मान्य केला. श्रावणात गावच्या डेअरीवर पहिलं यंत्र बसलं. गोदामावशी त्याआधीच, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी वारली.