वीज नसताना

"वीज नसेल तेव्हा?" विश्वंभर गुरुजींनी तिसऱ्यांदा विचारलं.

आश्लेषाने हातातला पाना खाली ठेवला. "आबा, मी यंत्र चालू असतानाचं सांगतेय आणि तुम्ही बंद असतानाचं विचारताय."

नागावच्या वाडीत, नारळ ठेवायच्या खोलीत, आजोबा आणि नात मिळून एक यंत्र बनवत होते. संगणकाने सांगावं आणि यंत्राने ते लाकडात कोरावं, असं. चौकट झाली होती. रूळ बसले होते. त्यांवरून कोरणारं डोकं मागेपुढे आणि डावीउजवीकडे सरकायचं होतं. ते कशाने सरकवायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं. लांब स्क्रूने की दातेरी बेल्टने? दोन्हींचे सुटे भाग आश्लेषाने शहरातून मांडव्याच्या बोटीने आणले होते.

यंत्र हवं होतं बालवाडीसाठी. फणसाच्या फळीत खोलगट अक्षर कोरायचं आणि मुलांनी त्यात बोट फिरवायचं. पूर्वी अशा पाट्या लागत नसत. गुरुजी मुलाला पुढ्यात घेत, त्याचा हात आपल्या हातात धरत आणि म्हणत, "हात सैल सोड. मी धरलाय ना?" मग दोघांचा मिळून एक अ पाटीवर उतरत असे. त्या अ चं पोट जरासं पुढे यायचं. दुसऱ्या गावच्या मास्तरांनाही वही पाहून कळायचं, हे पोर नागावचं.

दोन वर्षांपासून गुरुजींचा हात थरथरत होता. पेन्सिल टेकली की रेघेला दाते फुटत. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. श्यामलाआजी त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायची, एवढंच.

"बरं, ऐका," आश्लेषा म्हणाली. "स्क्रू घट्ट असतो. वीज गेली तरी डोकं जागच्या जागी. तुम्ही त्याला लोंबकळलात तरी हलायचं नाही."

"आणि बेल्ट?"

"बंद असला की सैल. मांजरीने ढकललं तरी सरकेल. शिवाय तो थोडा ताणला जातो. अक्षर केसभर इकडेतिकडे होणार."

"मग बेल्टच घाल."

आश्लेषाने कपाळावर हात मारला. "वर्गात मी असं उत्तर दिलं असतं तर तुम्ही मला बाकावर उभं केलं असतं."

"उभं नसतं केलं. पुन्हा विचार करायला सांगितलं असतं."

"मग करा ना पुन्हा विचार!"

गुरुजी दाराबाहेर बघत राहिले. अंगणात सुपारी वाळत होती. माडांच्या झावळ्या हलत होत्या आणि खोलीतल्या जमिनीवरचं ऊन पाण्यासारखं हेलकावत होतं. समुद्राचा आवाज कधी येत होता, कधी विरत होता.

"केला," ते म्हणाले. "बेल्ट."

आश्लेषाने चार दिवसांत बेल्ट बसवला. स्क्रू वर्तमानपत्रात गुंडाळून तिने कॉटखाली ठेवून दिले. टाकून मात्र दिले नाहीत.

रविवारी दुपारी चाचणी झाली. पात्याच्या जागी तिने पेन्सिल लावली. शेजारची पाच वर्षांची प्राप्ती स्टूल ओढून त्यावर चढून बसली. यंत्र मधमाशीसारखं गुणगुणलं आणि फळीवर एक अ उमटला. रेखीव, स्वच्छ, कुठेही केसभर इकडेतिकडे नाही.

प्राप्तीने त्यावर बोट फिरवलं. "यो पुस्तकातला हाय," ती म्हणाली. "आमच्या आयचा असा न्हाय."

"तुझ्या आईचा कसा असतो गं?" आश्लेषाने विचारलं.

प्राप्तीने हवेत बोटाने एक मोठं पोट काढलं. तिच्या आईलाही गुरुजींनीच शिकवलं होतं.

गुरुजी उठले. भिंतीपाशी गेले. त्यांनी प्लग काढून टाकला.

गुणगुण थांबली. समुद्र एकदम जवळ आल्यासारखा वाटला. गुरुजींनी सदऱ्याच्या खिशातून उजवा हात बाहेर काढला आणि यंत्राच्या डोक्यावर ठेवला. तो थरथरत होता. आश्लेषाने हाताकडे पाहिलं, मग सैल पडलेल्या बेल्टकडे. तिला तीनदा विचारलेला तो प्रश्न आठवला.

"आबा," ती हळूच म्हणाली, "आधी का नाही सांगितलंत?"

"नसतं जमलं तर?"

आश्लेषाने बेल्ट बोटाने सरकवून पाहिला. मग म्हणाली, "बेल्ट फिरवणाऱ्या मोटरींना फेरे मोजणाऱ्या चकत्या लावते. तुम्ही डोकं जसं फिरवाल, तसंच्या तसं यंत्राच्या लक्षात राहील. मग ते कितीही पाट्या कोरेल. तुमच्या हाताच्या."

गुरुजींनी डोकं ढकललं. आडवा दांडा आणि डोकं मिळून दहा-बारा किलो वजन. थरथर त्या वजनात शिरायची आणि बरीचशी तिथेच मुरायची. पण भीतीने त्यांनी डोकं करकचून आवळलं होतं. रेघ सुरू झाली आणि अडखळली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा अडखळली. त्यांच्या कपाळावर घाम आला. हात मागे घ्यावा असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात स्टुलावरची प्राप्ती पुढे वाकली. तिने आपला चिमुकला तळहात त्यांच्या हातावर ठेवला. आईने तिला अक्षरं अशीच शिकवली होती.

"हात सैल सोडा, गुरुजी," ती म्हणाली. "मी धरलाय नं?"

गुरुजींनी हात सैल सोडला. बेल्ट सरकला, आणि अ चं पोट हळूच पुढे आलं.