तुपाचा वास

थंडीतलं ते दुखणं कोरोनाच होतं असं ठरलं, तर संगमेशचा फायदाच होता. एकदा होऊन गेलेलं पुन्हा कशाला होतंय? म्हणून टीव्हीवर आकडे चढत असताना हुलसूरचा हा तूपवाला एकटाच मास्कशिवाय हिंडत होता.

"बीदर जिल्ह्यात पयला नंबर माझाच," तो बायकोला म्हणाला. "दीड महिना खोकला, अन् नाक तर पार गेलतं. त्योच व्हता. आता मला कायबी व्हत न्हाई."

नागरत्ना भाकरी थापत होती. "नाक गेलतं, तवा तूप कोन पारखायचं?"

"अप्पा. मी तळहातावर चोळायचो अन् त्यांच्या नाकाला लावायचो."

"व्हय. अन् पंधरा दिसांत अप्पा गेले."

 संगमेशनं खुंटीवरचा मास्क काढून घरातच तोंडाला बांधला.

"टायफाइडच असंल ते," तो म्हणाला.

त्या दिवसापासून हुलसुरात कोरोनाला त्याच्याइतकं कुणी भ्यालं नाही. भीती सोडली असती, तर बापाचं मरण पदरात घ्यावं लागलं असतं.