अण्णांनी मान हलवली नाही

शेठ दुकानाच्या दारात दिसले तसं अण्णांनी सवयीने "या, या!" म्हणायला तोंड उघडलं आणि सुनेचे डोळे पाहून मिटलं.

"या म्हणायला हरकत नाही, अण्णा," सून हळूच म्हणाली. "फक्त जामीन राहू नका."

अण्णा चाळीस वर्षं सोफ्या-खुर्च्यांना नवीन कापड चढवत आले होते, आणि चाळीस वर्षं त्यांना माल मिळाला तो या शेठच्या गोदामातून, नुसत्या शब्दावर. शब्द तरी कुठला! शेठ विचारायचे, "काय अण्णा?" आणि अण्णा मान हलवायचे. झाला व्यवहार. त्या मानेचा त्यांना केवढा अभिमान! मात्र शेवटची हलली ती एका हॉटेलच्या सोफ्यांसाठी. हॉटेल बुडालं आणि अण्णांच्या घराचे कागद तीन वर्षं शेठच्या तिजोरीत जाऊन बसले.

ते सोडवून आणल्यावर सुनेने कंपनी काढली. बँकेतलं खातं कंपनीचं, बिलं कंपनीची, फोनसुद्धा कंपनीचा. घर वेगळं, कंपनी वेगळी. इतकी वेगळी, की घरातल्या आरामखुर्चीचं कापड फाटलं तेव्हा तिने सासूबाईंना रीतसर बिल दिलं. सासूबाईंनीही रीतसर घासाघीस केली.

आता एका नाट्यगृहाच्या दोनशे खुर्च्यांचं काम चालून आलं होतं. कापड आणि फोम उधार मिळालं तरच ते घेता येणार होतं, आणि ही उधारी सुनेला कंपनीच्या एकटीच्या नावावर हवी होती. घराला पुन्हा हात लावायचा नाही, हे तिने अण्णांकडून वदवून घेतलं होतं.

शेठ स्टुलावर टेकले. "सूनबाई, दोनशे खुर्च्यांचा माल म्हणजे चेष्टा नाही. तुझ्या कंपनीला मी ओळखत नाही. कधी भेटली नाही मला. मी ओळखतो अण्णाला." ते वळले. "काय अण्णा?"

अण्णांच्या मानेत कळ उठली. चाळीस वर्षांचं वळण ते. विचारलं की हलणारच. त्यांनी घाईघाईने समोरच्या खुर्चीवर ओणवं होऊन बारीक खिळ्यांची चिमूट तोंडात टाकली. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्यात हातोडी, म्हणून या धंद्यातली जुनी माणसं खिळे तोंडातच धरतात आणि जिभेने एकेक ओठांवर आणतात. तेवढा वेळ बोलता येत नाही, आणि मान तर मुळीच हलवता येत नाही. लोक मूग गिळून गप्प बसतात. अण्णांना खिळे लागले.

"हा बोलत का नाही?"

"कामात आहेत."

"चाळीस वर्षांत हा कामापायी गप्प बसलेला मी पाहिला नाही!"

"काका, कंपनी कशी आहे ते तिच्याशी व्यवहार करणाऱ्यांना विचारा," सून म्हणाली. "दोरेवाल्यांना लावा फोन. दोन वर्षं त्यांच्याकडून कंपनीच्या नावावर माल घेतेय."

शेठनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे पलीकडचा आवाज नेहमी सगळ्या दुकानाला ऐकू जायचा.

"ती कंपनी ना?" दोरेवाला म्हणाला. "ठरल्या तारखेला पैसे. कधी कधी आधीच. मागायला जावं लागत नाही, त्यामुळे जरा चुकल्याचुकल्यासारखं होतं."

"पण तू देतोस ते अण्णा पाठीशी आहे म्हणूनच ना?"

"अण्णा?" पलीकडे हसू फुटलं. "अण्णा पाठीशी असता तर रोखीनेच दिला असता! माणूस लाखात एक हो. पण त्याच्याकडे पैसे मागायला गेलं की चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, मुलाबाळांची चौकशी व्हायची, आणि घरी आल्यावर आठवायचं, पैसे राहिलेच."

"अं! अंअंअं!" अण्णा म्हणाले. कान लालबुंद झाले, हातोडी दाणकन बसली आणि खिळा वाकला. सुनेने खालमानेने कापडाची सुरकुती सारखी केली.

"मला तर बिस्किटंही मिळायची," शेठ फोन ठेवत पुटपुटले. मग सुनेला म्हणाले, "आणि नाही आले पैसे, तर ओरडू कोणावर?"

"कंपनीवर ओरडा. नोटीस पाठवा, कोर्टात खेचा तिला. घराची बेल वाजवायची नाही."

शेठनी खिशातलं पेन काढलं. "निम्मा माल देतो. एक महिन्याची मुदत. तो हिशेब चुकता झाला की उरलेला." त्यांनी कागद काढून कंपनीचं नाव लिहिलं. खाली जामीनदाराच्या जागेशी पेन थबकलं. अण्णांची हातोडीही थांबली. मग शेठनी तिथे आडवी रेघ मारली, आणि सुनेने कागदावर सही केली.

निघताना शेठ अण्णांच्या खुर्चीशी रेंगाळले. अण्णांनी खिळे तळहातावर काढले होते. शेठ वाकून, दोस्तीतल्या हळू आवाजात म्हणाले, "आता आपल्या दोघांतच सांग. बरी आहे का रे ही कंपनी?"

दारातली सून जागच्या जागी थिजली. कौतुकाचे दोन शब्द अण्णांच्या अगदी ओठांवर आले होते. त्यांनी ते गिळले.

"बरी आहे म्हणतात," अण्णा म्हणाले. "मी इथे नुसता कामाला असतो."