वेढ्यातली तोफ

“नळी अजून थोडी मागे जायला हवी,” देमिर म्हणाले.

कर्नल पद्माकरांनी चिमट्याने छोट्या तोफेची पितळी नळी मागे ओढली. सोडताच ती अलगद जागेवर परत आली. खालचा गाडा मात्र जराही हलला नाही.

“हीच तर गंमत!” पद्माकर खुलले. “जुन्या तोफा डागल्या की आख्ख्या मागे फेकल्या जायच्या. पुन्हा ढकला, पुन्हा नेम धरा. ही जागची हलत नाही. एक गोळा गेला की लगेच दुसरा.”

“हो. आजोबा सांगायचे, मध्ये श्वास घ्यायलाही वेळ नसायचा.”

पत्नी गेल्यावर पद्माकरांनी पुण्यात एकटं राहावं हे त्यांच्या लेकीला, उल्काला पटेना, म्हणून ते परदेशात, मरीन परेडला तिच्या समुद्रकाठच्या फ्लॅटमध्ये आले. उल्का दिवसभर बँकेत. बोलायला कोणी नाही. वेळ जावा म्हणून त्यांनी तोफांच्या छोट्या प्रतिकृती करायला घेतल्या. ही बल्गेरियन सैन्याची हॉवित्झर तोफ, शंभर वर्षांपूर्वीच्या बाल्कन युद्धातली. एड्रियानोपल या तुर्की शहराला वेढा पडला तेव्हा डागलेली.

एकदा लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या देमिरनी त्यांच्या हातातलं तोफेचं चित्र पाहिलं. निवृत्त शिक्षक, तेही लेकीकडेच राहणारे.

“माझे आजोबा त्या वेढ्यात होते,” ते म्हणाले.

पद्माकरांनी त्यांना तिथल्या तिथे घरी चहाला बोलावलं. मग देमिर रोज संध्याकाळी येऊ लागले.

“बाबा, हल्ली तुम्ही दोन घास जास्त जेवता,” उल्का एकदा म्हणाली.

देमिर तोफेला कधी हात लावत नसत. नुसतं बघत बसायचे आणि मधूनच काहीतरी सांगायचे.

“हिचा गोळा सरळ येत नाही. उंच जातो आणि डोक्यावर उतरतो. म्हातारपणीसुद्धा दार आपटलं की आजोबांच्या हातातला कप हिंदकळायचा.”

“आमच्यातही आहेत असे काहीजण,” पद्माकर म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी चिमटा खाली ठेवला. “एकाहत्तरच्या लढाईत मी तेवीस वर्षांचा होतो. वायरलेसवर नेमाचे आकडे यायचे, आम्ही डागायचो. गोळे टेकडीपलीकडे पडायचे. तिथे काय होतं, कोण होतं, मी कधीच पाहिलं नाही. बायकोशीसुद्धा हे कधी बोललो नाही. तुम्ही तोफखान्यातल्या घरचे, तुम्हाला कळेल.”

देमिरनी बाल्कनीतून समुद्रातल्या जहाजांकडे पाहिलं.

“कळतं,” ते म्हणाले.

महिनाभराने तोफ पूर्ण झाली. पद्माकरांनी ती टेबलाच्या एका टोकाला ठेवली आणि तिच्याभोवती बोटाच्या पेराएवढे सैनिक उभे केले. एक मुद्दाम मागे ठेवला होता. तो त्यांनी देमिरच्या तळहातावर ठेवला.

“हे तुमचे आजोबा. तुमच्या हातानेच ठेवा. गोळा भरत होते की नेम धरत होते?”

देमिरनी सैनिक अलगद टेबलावर ठेवून दिला. मग तोफेच्या तोंडाशी बोट टेकवलं आणि नळीच्या रोखाने ते हळूहळू पुढे नेलं, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत.

“इथे होते,” ते म्हणाले. “तळघरात, आईजवळ. नऊ वर्षांचे.”