सतरा मेचा ट्रेलर

पाऊस सुरू झाला तशी डेल्बर्टची नजर ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या त्यांच्या फिरत्या घराच्या, छताला चिकटली. इंडियानातल्या कारखान्यात तीस वर्षं ट्रेलरची छतं बसवून तो निवृत्त झाला, तेव्हा बायकोने, नोरीनने, त्याला न विचारता तिथेच बनलेला एक ट्रेलर दुकानातून आणून दारात उभा केला होता. आता कोपऱ्यात एक ओला डाग हळूहळू पसरत होता.

“सारखं वर काय बघतोस?” कॉफी ओतत नोरीन म्हणाली. “शेजारच्या ट्रेलरमधले बिचारे बादल्या लावून बसलेत. मी त्यांना ठणकावून सांगितलं, आमचा नाही गळायचा, घरच्या माणसाच्या हातचा आहे!”

“दुसरा नव्हता का गं दुकानात?”

“चांगले वीस होते. पण याच्या दारावर बनवल्याची तारीख होती, गेल्या वर्षीची सतरा मे. माझा साठावा वाढदिवस! त्या दिवशी ठरलेले ट्रेलर भराभर उरकून तू दुपारी बारालाच केक घेऊन घरी आला होतास. आठवतं?”

“आठवतं,” डेल्बर्ट म्हणाला. मग तो उठला आणि पहिला थेंब तिला दिसायच्या आत, बरोबर त्या डागाखाली जाऊन बसला.