पटण्यासारखी कारणं

कुणालाही उडवायचं, तर आधी बाबांना तीन कारणं पटवावी लागत. वैयक्तिक राग टोळीत चालत नसे. थोरल्याने विरोधी टोळीच्या म्हाताऱ्याच्या उजव्या हाताचं नाव घेतलं आणि पाठ केल्यासारखं सांगितलं, "बंदर त्याच्या मुठीत आहे. ट्रकवाले त्याचंच ऐकतात. तो गेला की म्हातारा लुळा पडेल."

"पटलं," बाबा म्हणाले. "पण एवढा कामाचा पोरगा मारायचा कशाला? आपल्यात घेऊ. तिन्ही कामं आपोआप होतील."

थोरल्याला चौथं कारण सुचेना.

"बाबा, वीस वर्षं राबतोय मी. मला एकदा तरी कामाचा म्हणालात?"

बाबांनी दारावरच्या माणसाला हाक मारली.

"त्या पोराला मानाने घेऊन या. त्याआधी थोरल्याचं पिस्तूल काढून घ्या."